भाडं कमी द्या, पण वेळेवर द्या

मंदी आली हे मला पेपरातून कधीच कळत नाही, ते कळतं आमच्या ऑफिसमागच्या रानावरून. चाकण-तळेगाव रोडला आमचं छोटं ट्रान्सपोर्ट ऑफिस आहे, मागे गाड्या लावायला भाड्याने घेतलेलं मोकळं रान आहे, धंदा नीट चालू असला की तिथे दुपारच्याला चार-पाच गाड्या दिसतात आणि त्याही एखादं चाक खोललेल्या नाहीतर ड्रायव्हर गावाला गेलाय म्हणून थांबलेल्या. २०१९ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात त्याच रानात पाय ठेवायला जागा नव्हती. नव्या कार वाहून नेणारे ते लांबलचक ट्रेलर एकाला एक चिकटून उभे, पावसाने चाकं चिखलात रुतलेली, मागच्या दिव्यांवर कोळ्यांनी जाळी धरलेली, आणि ट्रेलरच्या पोटाखाली जी कोरडी जागा उरते तिथे ड्रायव्हर लोक स्टोव्ह पेटवून भात टाकतायत. बॅटऱ्या चोरीला जातात म्हणून त्या काढून आमच्या ऑफिसच्या भिंतीला रांगेत लावून ठेवल्या होत्या, प्रत्येकीवर खडूने गाडीचा नंबर. उभी गाडी पण काम मागते हे बाहेरच्यांना माहीत नसतं. आठवड्यातून एकदा बॅटरी लावून ती चालू करायची, थोडी पुढेमागे घ्यायची, नाहीतर टायर एकाच जागी दबून बसतं, ब्रेक जाम होतात, उंदीर वायरिंग खातात. त्यालाही डिझेल लागतंच, आणि ते कोण देणार यावरून रोज सकाळी ऑफिसात वाद.

त्या ऑगस्टमध्ये देशातली प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा ३१ टक्क्यांनी पडली होती आणि मध्यम-मोठ्या ट्रकची तर ५४ टक्क्यांनी. चाकण, भोसरी, पिंपरी, रांजणगाव हा सगळा पट्टा गाड्यांवर जगतो, त्यामुळे आमच्याकडे बाकी काही वेगळं होणं शक्यच नव्हतं.

मी २००७ पासून या धंद्यात आहे, आधी दुसऱ्याच्या ऑफिसात बिल्टी, म्हणजे मालाची पावती, फाडणारा क्लार्क होतो, नंतर स्वतःचं सुरू केलं. म्हणजे २००८ ची मंदी टेबलाच्या एका बाजूने बघितली आणि २०१९-२० ची दुसऱ्या बाजूने. दोन्ही वेळा बघून माझं एक मत पक्कं झालंय आणि तेच इथे मांडायचंय. मंदीत माल कमी होतो, भाडं पडतं, हे कोणाच्या हातात नाही, ते सोसायची आमच्या लोकांची तयारी असते. पण मंदीच्या नावाखाली झालेल्या कामाचे पैसे चार-चार सहा-सहा महिने अडकवून ठेवले जातात ना, ते कुठल्या अर्थशास्त्राच्या नियमाने होत नाही, कोणीतरी केबिनमध्ये बसून तसं ठरवतं. गाडीवाला मंदीने जितका मरतो त्याहून जास्त तो या उधारीने मरतो.

आधी माल का आणि किती कमी होतो ते सांगतो, कारण लोकांना वाटतं विक्री वीस टक्के घटली की ट्रकचं काम पण वीस टक्के घटत असेल. तसं होत नाही. समजा एखादा शोरूमवाला महिन्याला १०० कार विकतो आणि अजून १०० यार्डात ठेवतो. मंदी आली, विक्री ८० वर आली. आता त्याला यार्डात पण ८० च पुरेत, उलट १०० ठेवल्या तर व्याज चढतंय. म्हणजे त्या महिन्यात तो कंपनीकडून ८० वजा २० अशा ६० कारच मागवणार. विक्री घटली २० टक्क्यांनी पण कार नेणाऱ्या ट्रेलरचं काम घटलं ४० टक्क्यांनी. मग कंपनी मागे तोच हिशेब करते, ६० कारचेच पार्ट हवेत आणि गोदामातले आधी संपवा, मग पार्ट बनवणारा भोसरीतला कारखानदार पत्र्याची ऑर्डर त्याहून कमी करतो, आणि कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून पत्रा घेऊन येणारी गाडी तीन दिवस नंबर लावून बसते. जितकं मागे जाल तितका दणका मोठा. साठलेला माल जागचा हलत नाही आणि जो माल हलत नाही त्याचं भाडं कोणी देत नाही, एवढंच ते गणित आहे. म्हणून टीव्हीवर मंदीची चर्चा सुरू व्हायच्या दोन महिने आधी आमच्या रानात गाड्या साठायला लागतात.

जगात सगळीकडे हेच. मोठ्या जहाजांच्या भाड्याचा जो बाल्टिक ड्राय इंडेक्स असतो तो २००८ च्या मे महिन्यात ११,७९३ वर होता आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ६६३ वर आला. सात महिन्यांत ९४ टक्के खाली, जगातला माल काही ९४ टक्के कमी झाला नव्हता. कारण जहाज असो की ट्रक, रिकामं उभं राहण्यापेक्षा मिळेल त्या भाड्यात जाऊ म्हणणारा एक जण निघाला की बाकीच्यांना पण खाली यावं लागतं. कोविडनंतर चाळीस फुटी कंटेनरचं जगभरातलं सरासरी भाडं २०२१ च्या सप्टेंबरात दहा हजार डॉलरच्या वर गेलं होतं, दोन वर्षांत ते दीड हजारांच्या खाली आलं. आणि मोठं असलं की वाचतो असंही नाही. कोरियाची हानजिन शिपिंग ही जगातल्या मोठ्या कंटेनर कंपन्यांपैकी एक होती, २०१६ च्या ऑगस्टअखेर तिने कोर्टाकडे धाव घेतली आणि तिची जहाजं मालासकट समुद्रात थांबून राहिली, कारण बंदरवाले म्हणाले आमचे पैसे कोण देणार. अमेरिकेत यलो नावाची जुनी ट्रकिंग कंपनी २०२३ च्या ऑगस्टमध्ये दिवाळखोरीत गेली, साधारण तीस हजार माणसांचं काम गेलं. पण तिथे निदान कंपनी बुडाली म्हणून बातमी तरी येते. आपल्याकडे ज्या गाड्या धावतात त्यातल्या बहुतेक एक, दोन, फार तर पाच गाड्यांच्या मालकांच्या आहेत, ते बुडतात तेव्हा कुठेच काही छापून येत नाही, फायनान्सवाल्याच्या यार्डात अजून एक गाडी जाऊन लागते बस्स.

२०१९ ला तर आमच्यावर तीन गोष्टी एकावर एक आल्या. २०१८ च्या जुलैत सरकारने ट्रकचं कायदेशीर वजन वाढवलं, दहा चाकी गाडी २५ टनाची होती ती साडेअठ्ठावीस टनाची झाली. निर्णय चुकीचा होता असं मी म्हणत नाही, जगाच्या मानाने आपली मर्यादा कमीच होती आणि ओव्हरलोडच्या नावाने रस्त्यात जो त्रास व्हायचा तो थोडा कमी झाला. पण त्याचा अर्थ असा की एकही नवीन गाडी न येता बाजारातली माल उचलायची ताकद एकदम वाढली. मग सप्टेंबरात आयएलअँडएफएस या मोठ्या फायनान्स कंपनीने कर्ज थकवल्याचं प्रकरण फुटलं आणि फायनान्स कंपन्यांनी हात आखडले, आमच्या धंद्यात बँकेपेक्षा या फायनान्स कंपन्याच जास्त पैसे देतात त्यामुळे जुनं कर्ज फिरवायची सोय गेली. आणि मग माल पडला. गाड्यांची ताकद जास्त, माल कमी, पैसा महाग. ज्याने २०१७-१८ च्या तेजीत दुसरी-तिसरी गाडी घेतली होती तो बरोबर मध्ये सापडला. आणि हे पण खरंय की तेजीत गाड्या घ्यायला आपल्या लोकांना धीर नसतो, एकाने घेतली की भावकीतला दुसरा घेतो, हे आमचंच चुकतं.

आता गाडीचा खर्च बघा. डिझेल, टोल, ड्रायव्हरचा भत्ता हे गाडी चालली तर लागतं. हप्ता, इन्शुरन्स, परमिट, फिटनेस, टॅक्स, ड्रायव्हरचा पगार हे गाडी उभी असली तरी लागतं. समजा एका गाडीचा हप्ता महिना ७० हजार आहे आणि चांगल्या दिवसात ती महिन्याला सहा फेऱ्या करते, म्हणजे फेरीमागे हप्त्याचे साधारण पावणेबारा हजार झाले. मंदीत फेऱ्या तीनवर आल्या की तेच साडेतेवीस हजारांच्या आसपास जातात, आणि भाडं वाढायच्या ऐवजी उतरलेलं असतं. मग माणूस काय करतो? नवीन टायरऐवजी जुन्यावरच रबर चढवलेलं रिमोल्ड मारतो, सर्व्हिसिंग पुढे ढकलतो, क्लीनर काढून टाकतो आणि ड्रायव्हर एकटाच रात्रंदिवस गाडी ओढतो. पहाटे तीन-चारला हायवेवर उभ्या गाडीला मागून गाडी आदळल्याच्या ज्या बातम्या आपण वाचतो त्यातल्या कितीतरी गाड्यांच्या मागे असा अडलेला हिशेब असतो असं मला वाटतं, सिद्ध करून नाही दाखवता येणार पण रोज ड्रायव्हरांशी बोलणाऱ्या कोणालाही विचारा.

इथपर्यंत सगळं मंदीचं. इथून पुढे उधारीचं.

चांगल्या काळात कंपनी ट्रान्सपोर्टरचं बिल तीस-पंचेचाळीस दिवसांत काढते. मंदी आली की पहिल्यांदा रेटसाठी ऑनलाइन बोली लावतात, उलटी बोली, जो सगळ्यात खाली जाईल त्याला काम, तुम्ही रात्री अकराला लॅपटॉपसमोर बसून पाचशे-पाचशे रुपयांनी खाली येत राहता. ते झालं की एक साधं मेल येतं, यापुढे पेमेंट ९० दिवसांनी, काही ठिकाणी १२०. त्यात विचारणं वगैरे काही नसतं. आणि ९० दिवस हे बिल जमा केल्यापासून नाही, बिल पास झाल्यापासून. बिल पास व्हायला पोच पावती ओरिजिनल लागते, पोचवर शिक्का गोल नाही चौकोनी आहे म्हणून परत, खोक्याचा कोपरा दबलाय म्हणून डेबिट नोट, म्हणजे बिलातून पैसे कापले, पोर्टल बंद आहे, साहेब सुट्टीवर आहेत. गाडी तीन दिवस गेटबाहेर उभी राहिली त्याचं हॉल्टिंग मागितलं तर पुढचं लोडिंग नाही. महिन्याला तीन लाखांचं बिल करणाऱ्या माणसाचे तीस दिवसांच्या उधारीत तीन लाख बाहेर असतात, १२० दिवस झाली की बारा लाख. म्हणजे नऊ लाख जास्तीचे त्याने कुठूनतरी आणायचे. महिना दीड टक्क्याने जरी उचलले तरी साडेतेरा हजार नुसतं व्याज, दर महिन्याला, आणि ते कोणासाठी भरायचं तर ज्या कंपनीला बँक सरळ नऊ-दहा टक्क्यांनी कर्ज देते तिच्यासाठी. ज्याच्याकडे सगळ्यात कमी पैसे आहेत त्याच्याकडून सगळ्यात महागाचे पैसे बिनव्याजी वापरले जातात, मला याच्यासारखी उलटी गोष्ट दुसरी माहीत नाही.

आमच्याकडे आष्टी तालुक्यातला एक गाडीवाला होता, दोन गाड्या, चाकण-होसूर लाईनवर पार्ट घेऊन जायचा, सात-आठ वर्षांची ओळख. स्वभावाने अगदी शांत. त्याचे माझ्याकडे दोन लाख ऐंशी हजार अडकले होते कारण माझे एका कंपनीकडे एकोणीस लाख अडकले होते. दर सोमवारी यायचा, प्लास्टिकच्या पिशवीत पोच पावत्यांच्या झेरॉक्स, समोर बसून पाणी प्यायचा आणि म्हणायचा, भाऊ, झालं का काही आपलं? मी म्हणायचो पुढच्या आठवड्यात. तो बरं म्हणून उठायचा. एकदाही आवाज चढवला नाही त्याने. २०२० च्या जानेवारीत त्याची एक गाडी फायनान्सवाल्यांनी शिक्रापूरजवळ थांबवून ओढून नेली, तीन हप्ते थकले होते, तीन हप्त्यांचे पैसे दोन लाख दहा हजार. म्हणजे त्याच्या स्वतःच्या कमाईच्या पैशातून ते तिन्ही हप्ते फिटून वर सत्तर हजार उरले असते. कंपनीचं पेमेंट मला मार्चमध्ये आलं, मी त्याच दिवशी त्याला फोन केला. तो म्हणाला भाऊ, गाडी लिलावात गेली आता, पण टाका, पोरीची फी भरायचीय.

या प्रकरणात कंपनीचा दोष सांगतो तसा माझाही सांगितला पाहिजे. त्या काळात माझ्याकडे अगदीच काही नव्हतं असं नव्हतं. मी माझ्या स्वतःच्या गाड्यांचे हप्ते आधी भरले आणि त्याला थांबवलं, कारण तो थांबत होता. वरचा मला थांबवतो, मी खालच्याला थांबवतो, आणि सगळ्यात खाली जो असतो त्याच्या खाली कोणी नसतं, फक्त त्याचा ड्रायव्हर असतो. त्याचाही दोन महिन्यांचा पगार राहिलेला असतोच.

कोणी म्हणेल कायदा आहे की. आहे, आणि तो कागदावर चांगला पण आहे. २००६ चा एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांचा, कायदा सांगतो की छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्या, नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. नंतर समाधान पोर्टल आलं तक्रारीसाठी. २०२३ च्या बजेटमध्ये इन्कम टॅक्समध्ये ४३बी(एच) आलं, म्हणजे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे वेळेत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी धरता येणार नाही, जेव्हा द्याल तेव्हा धरा. त्याने खरंच फरक पडला, त्या पहिल्या वर्षी मार्चमध्ये आम्हाला अकाउंट्सवाल्यांचे स्वतःहून फोन आले होते, उद्यम सर्टिफिकेट, म्हणजे छोटा उद्योग असल्याच्या सरकारी नोंदणीचा कागद, पाठवा म्हणून, असं माझ्या आयुष्यात आधी कधी झालं नव्हतं. पण हा फायदा कुठे थांबतो बघा. कंपनी काम देते मोठ्या लॉजिस्टिक्स कंपनीला, ती देते माझ्यासारख्या ट्रान्सपोर्टरला, मी गाडी कमी पडली की ब्रोकरला फोन करतो, ब्रोकर आष्टीच्या नाहीतर फलटणच्या माणसाची गाडी लावतो. त्या गाडीवाल्याचं कंपनीच्या पुस्तकात नावच नाही. मोठी लॉजिस्टिक्स कंपनी ही सूक्ष्म पण नाही आणि लघु पण नाही, त्यामुळे कंपनीने तिला उशिरा पैसे दिले तर ४३बी(एच) लागतच नाही. आणि खाली गाडीवाल्याचं उद्यम रजिस्ट्रेशन नसतं, बिल त्याच्या नावाने नसतं, अॅडव्हान्स फोन-पे वर आणि बॅलन्स तोंडी बोलीवर. कायदा जिन्याच्या वरच्या दोन पायऱ्यांवर उजेड पाडतो, खालच्या तीन अंधारातच आहेत. आणि ज्याला तक्रार करता येते तो पण करत नाही कारण पोर्टलवर कंपनीचं नाव टाकलं की दुसऱ्या दिवसापासून लोडिंग बंद, हे सगळ्यांना माहीत आहे.

इन्कम टॅक्सवरून अजून एक. छोट्या गाडीवाल्यासाठी अंदाजाने उत्पन्न धरायची जी सोय आहे, दहापर्यंत गाड्या असल्या तर हिशेबाची पुस्तकं ठेवायला नकोत, त्यात बारा टनांवरच्या गाडीला टनामागे महिना एक हजार रुपये उत्पन्न धरतात. २८ टनाची गाडी असेल तर महिना २८ हजार, वर्षाला तीन लाख छत्तीस हजार. सोय चांगली आहे पण ती मोजते गाडी मालकीची होती किती महिने, चालली किती महिने ते नाही. २०१९ ला चार महिने आमच्या रानात उभ्या असलेल्या गाडीचं पण उत्पन्न धरलं गेलं. कमी दाखवायचं तर पुस्तकं ठेवा आणि ऑडिट करा, एका गाडीवाल्याने कुठून करायचं ते. गाडी महिनाभर कुठे हलली नाही हे आज फास्टॅगवरून, मालासोबतच्या ऑनलाइन ई-वे बिलावरून सरकारला बसल्या जागी दिसतं, मग उभ्या गाडीचे महिने वगळायला काय हरकत आहे.

२०२० च्या लॉकडाऊनचा अनुभव तर वेगळाच. त्या एप्रिल-जून तिमाहीत देशाचं उत्पादन २३.९ टक्क्यांनी घटल्याचा आकडा आला, पण गाडीवाल्याला दिसलं ते असं की जगात क्रूड तेल मातीमोल झालंय आणि मे महिन्यात डिझेलवरचा केंद्राचा कर लिटरमागे एकदम १३ रुपयांनी वाढला. जूनमध्ये दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झालं, हे आधी कधी झालं नव्हतं. टोल मार्चअखेर थांबवला होता तो २० एप्रिलला परत सुरू, तेव्हा धान्य आणि औषधं सोडून गाड्यांना माल पण नव्हता. हप्त्यांना ऑगस्टपर्यंत सवलत मिळाली, पण व्याज चालूच राहिलं त्यामुळे सहा महिने न भरलेलं कर्ज शेवटाला जास्त महिन्यांचं झालं. त्यातल्या त्यात राज्य सरकारने एप्रिल ते सप्टेंबरचा वाहन कर माफ केला तो थेट उपयोगी पडला, त्याबद्दल मी आजही आभार मानतो, कारण त्यासाठी कुठे अर्ज-विनंत्या करत फिरावं लागलं नाही. मदत अशी पाहिजे.

मंदी म्हटलं की सगळं देशभरातच व्हावं लागतं असं पण नाही. गोव्यात २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या आणि सांगे, केपे, डिचोली, सत्तरी भागात खनिज वाहणारे हजारो ट्रक घरासमोर उभे राहिले, २०१८ च्या मार्चमध्ये परत तेच. त्या खाणींनी केलेलं नुकसान मोठं होतं आणि कोर्टाने थांबवलं ते योग्यच होतं, पण एकाच मालावर जगणाऱ्या वाहतुकीचं काय होतं हे तिथे उघडं दिसलं. आमचा चाकणचा पट्टा पण तसाच एका मालावर उभा आहे.

यावर दोन उत्तरं नेहमी ऐकायला मिळतात. एक, मंदी लॉजिस्टिक्सला चांगली असते, कंपन्या स्वतःची गोदामं आणि गाड्या बंद करून काम बाहेर देतात, भिवंडीत बघा गोदामं भरलेली असतात. अर्धं खरं आहे. मंदीच्या सुरुवातीला न विकलेला माल साठतो म्हणून गोदाम भरतं, नंतर ऑर्डरच थांबतात तेव्हा तेच रिकामं होतं. काम बाहेर देतात हे पण खरं, पण खर्च कमी करायला देतात, म्हणजे रेट आधीपेक्षा कमीच. मोठ्या लॉजिस्टिक्स कंपनीचा शेअर वर जाईल, पण गोदामातला कंत्राटी लोडर आणि बाहेरचा गाडीवाला यांच्या वाट्याला काय आलं ते बघा. अण्णासाहेब पाटलांनी लढून १९६९ चा माथाडी कायदा मिळवला म्हणून निदान माथाडी बोर्डात नोंद असलेल्या हमालाला प्रॉव्हिडंट फंड तरी आहे, तरी त्याची मजुरी टनावर, माल नाही तर मजुरी नाही. नोंद नसलेल्याला तेवढंही नाही.

दुसरं उत्तर, बाजारात कमजोर असतो तो बाहेर पडतो, हे असंच चालतं. हे बोलणाऱ्याला मी विचारतो, आष्टीचा तो माणूस कमजोर कसा? त्याच्या गाड्या वेळेत पोचत होत्या, एक खोकं कधी कमी भरलं नाही, त्याची कमाई त्याच्या हप्त्याला पुरत होती, ती त्याच्या हातात आली नाही इतकंच. जो बाहेर पडला तो वाईट धंदा करणारा नव्हता, ज्याच्याकडे सहा महिने थांबायला पैसे नव्हते तो होता. आणि बाहेर गेलेला माणूस परत येत नाही. मंदी सरली, माल वाढला की मग ओरड सुरू होते ड्रायव्हर मिळत नाहीत, गाड्या मिळत नाहीत, भाडं परवडत नाही. कसे मिळतील. त्याचा मुलगा बापाचे सोमवारचे हेलपाटे बघून मोठा झालाय, तो स्टिअरिंगला हात कशाला लावेल.

मग करायचं काय. मला मोठ्या योजना सुचवता येत नाहीत, जे रोज बघतो त्यावरून बोलतो. माल कधी निघाला हे ई-वे बिलात आहे, त्यात गाडी नंबर आहे, गाडी कुठल्या टोलवरून कधी गेली हे फास्टॅगमध्ये आहे. म्हणजे काम झालं याचा पुरावा सरकारकडे आधीच आहे, मग गाडीवाल्याने पोच पावत्यांची पिशवी घेऊन फिरायची गरज काय. त्या गाडी नंबरला जोडून भाड्याचा व्यवहार नोंदवा, पंचेचाळीस दिवसांत पैसे गाडीच्या मालकाच्या खात्यात गेले नाहीत तर व्याज आपोआप चालू झालं पाहिजे, तक्रार करणाऱ्याचं नाव पुढे यायलाच नको. मधल्या प्रत्येकाने, मी धरून, खालच्याला किती दिवसांनी पैसे दिले ते कंपनीला दिसलं पाहिजे, आणि कंपनीने टेंडर देताना रेटच्या शेजारी तो आकडा पण बघितला पाहिजे. अडीचशे कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना बिलं वटवून घेण्याच्या ट्रेड्स प्लॅटफॉर्मवर नोंदणी सक्तीची केली आहे, पण नोंदणी करून त्यावर भाड्याचं एकही बिल स्वीकारलं नाही तर त्याचा उपयोग काय, तेव्हा भाड्याची बिलं त्यावर घेणं पण सक्तीचं करा. आणि मंदी दिसायला लागली की हप्त्याची तारीख पुढे सरकवायची सोय कर्जाच्या करारातच असू द्या, उसाच्या वाहतुकीला हंगामाप्रमाणे हप्ते बांधून देतातच की काही फायनान्सवाले, मग उद्योगाच्या मालाला का नाही.

मी माझ्यापुरतं २०२१ पासून एक केलंय, पोच आली की सात दिवसांत गाडीवाल्याचा बॅलन्स, वरून पैसे आले असोत नसोत. त्यासाठी बँकेचं कॅश क्रेडिट काढलं, त्याचं व्याज माझ्या माथ्यावर, आणि १२० दिवसांची दोन मोठी कंत्राटं सोडावी लागली. धंदा वाढला नाही. पण गाड्या कमी पडल्या असं पण झालं नाही, दिवाळीच्या तोंडावर बाकीचे ब्रोकरच्या मागे पळत असतात तेव्हा माझ्याकडे फोन येतात, भाऊ गाडी रिकामी आहे, लावू का.

तुमच्यापैकी बरेच जण कंपन्यांमध्ये अकाउंट्सला, परचेसला, डिस्पॅचला असतील. उद्या ऑफिसात गेल्यावर भाड्याच्या थकलेल्या बिलांची यादी काढा, ९० दिवसांच्या पुढची, आणि त्यातलं सगळ्यात छोटं बिल कोणाचं आहे ते बघा. ते आधी काढा.